आईंच्या चालीने

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. डोंबिवली

सकाळपासून टीव्हीवर चेंबूर. सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान, वर राहतं घर. पहाटे पाचच्या सुमाराला आग लागली आणि एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. त्यांत मुलंही आहेत. नवरात्र चालू आहे, घट बसलेले आहेत. आज देवाला माळ घालताना हात जड झाले.

गेल्या वर्षी हीच तारीख होती. ६ ऑक्टोबर २०२३, गोरेगावची जय भवानी इमारत. पहाटे तीनच्या सुमाराला पार्किंगमधल्या गाड्या आणि तिथेच ठेवलेले चिंध्यांचे गठ्ठे पेटले. धूर वर चढला. सात जणांचे जीव गेले, पन्नासच्या आसपास माणसं इस्पितळात. तेव्हाही आम्ही दिवसभर हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागलो.

दोन्ही ठिकाणी वेळ पहाटेची, आग खाली, माणसं वर झोपलेली. आमचीही इमारत तशीच आहे. खाली गाड्या, वर सात मजले, जिना एकच. आम्ही पाचव्यावर. सासूबाईंचं वय ८१, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. पलंगावरून उठून बाहेरच्या दारापर्यंत यायला आईंना दोन-तीन मिनिटं लागतात, तीही दिवा लागलेला आणि चष्मा हाताशी असेल तर. मी, हे, मुलगा, आम्ही तिघे धावत सुटू शकतो. त्या नाही.

रात्री यांच्याशी बोलले. आपल्या घराची आगीपासूनची तयारी आईंच्या चालीने करायची. त्या सुटल्या तर घर सुटलं. यंदा सोसायटीच्या कमिटीत मी आहेच, तेव्हा सुरुवात उद्यापासून.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजातून आल्यावर लिफ्ट न घेता एकेका मजल्यावर थांबत चढले. पहिल्या मजल्यावर चपलांचं लाकडी कपाट आणि त्यावर महिन्याची रद्दी. दुसऱ्यावर मुलाची सायकल, भिंतीला टेकवलेली गुंडाळलेली गादी. तिसऱ्यावर घर रंगवून उरलेले डबे, त्यांच्यात अर्धी बाटली थिनर. चौथा मजला अगदी मोकळा. आमच्या मजल्यावर समोरच्यांचा जुना सोफा. सातव्याच्या वर गच्चीचं दार, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकाकांच्या खिशात, आणि ते तळमजल्यावर.

सगळ्यांत वाईट जिन्याखाली दिसलं. एक इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर तिथे चार्जिंगला असते. वायर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली, मध्ये एक्स्टेंशन बोर्ड, तोही जमिनीवर. लिथियमची बॅटरी बिघडून तापली की आतली रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता देत जाते. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो आणि पेट घेणारे वायू बाहेर पडतात. ती आग चटकन विझत नाही, विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा उठते. जिन्याखाली हे घडलं तर वरच्या सात मजल्यांची वाट बंद.

जिना म्हणजे आगीच्या वेळी इमारतीचं धुराडं. माणूस उतरतो त्याच्या कितीतरी पट वेगाने धूर चढतो. लोकांना ज्वाळांची भीती वाटते, पण बहुतेक जीव धूर घेतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बारावीच्या मुलांना हे मी दर वर्षी शिकवते. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, ती यामुळे. धुराच्या वासाने आपण उठू, यावर कुणी भरवसा ठेवू नये.

सेक्रेटरीकाकांशी बोलून नोटीस लावली: जिन्यातलं सामान दसऱ्यापर्यंत घरात न्यावं. स्कूटरवाला मुलगा समंजस आहे. गाडी उघड्यावर कंपाउंडच्या भिंतीशी लावायला तयार झाला, पण तिथे पॉइंट काढून द्या म्हणाला. रास्त आहे. स्वतंत्र एमसीबी टाकून पॉइंट द्यायचा, खर्च सोसायटीचा.

१२ ऑक्टोबर, शनिवार. विजयादशमी

वॉचमनकाकांनी लिफ्टच्या दाराला, पाण्याच्या पंपाला, मीटरच्या खोलीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मीटरच्या खोलीबाहेरच्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरलाही घातली होती. नमस्कार करून माळ जरा बाजूला केली. मागची तबकडी धुळीने भरलेली, ओल्या फडक्याने पुसली. काटा हिरव्या पट्ट्याच्या डावीकडे, लाल भागात टेकलेला. आतला दाब गेलेला. पिनवर गंज, तिची प्लास्टिकची सील तुटलेली, आणि भरल्याची तारीख लिहिलेला कागद उन्हाने पांढरा पडलेला.

काका म्हणाले, "ताई, हे तर मी आलो तेव्हापासून असंच आहे."

बाकीच्या मजल्यांवरचेही पाहिले. दोघांचा काटा हिरव्यात होता, पण त्यातला एक चपलांच्या कपाटामागे. सगळे खाली उतरवून भरायला पाठवायचे ठरले. काकांना काटा वाचायला शिकवला. दर महिन्याच्या एक तारखेला पंप तपासतात तेव्हाच हेही बघायचं आणि वहीत लिहायचं. त्यांनी लगेच वहीत रकाना आखला, पट्टी घेऊन, सरळ.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

इलेक्ट्रिशियन दिवसभर होता. इमारत १९९६ ची, वायरिंग तेव्हाचंच. त्या वेळी घरात फ्रिज, पंखे, टीव्ही, इस्त्री एवढंच होतं. आता दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, ओव्हन, प्रत्येकाचा मोबाइल.

गिझरचं सॉकेट उघडलं आणि त्याने मला बोलावून दाखवलं. बाहेरून नुसता पिवळट डाग होता. आत एका बाजूचं प्लास्टिक काळं होऊन वितळलेलं, वायरचं आवरण बोटभर करपून कडक झालेलं. दोन हजार वॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. सॉकेट सोळा अँपिअरचं, वायरही पुरेशी जाड. चूक कशात? एक स्क्रू सैल. बाकी काही नाही.

हे सगळ्यांना समजलं पाहिजे, कारण "आमच्याकडे एमसीबी आहे" म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी कधी पडतो? वायरच्या ताकदीबाहेर वीज ओढली गेली तर, किंवा शॉर्टसर्किट झालं तर. सैल जोडावर वीज तेवढीच वाहते, वाढत नाही. पण त्या इवल्याशा जागेत रोध वाढतो आणि तिथे उष्णता साचत जाते. एमसीबीला त्यात वावगं काही दिसत नाही. तो शांत बसून राहतो आणि आत प्लास्टिक शिजत असतं. यावर उपाय नाक, डोळे आणि हात. करपल्याचा मासळीसारखा वास, बटणापाशी तपकिरी छटा, प्लग काढल्यावर हाताला लागणारा चटका, गिझर लावला की मंदावणारा दिवा. यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी माणूस बोलवायचा.

सगळे स्क्रू आवळून घेतले, तीन सॉकेटं बदलली. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज जमिनीकडे गळू लागली की तो तोडतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आईंच्या खोलीत एकाच मल्टिप्लगवर पंखा, हीटर, मोबाइल आणि शेकायची इलेक्ट्रिक पिशवी होती. हीटरला आणि पिशवीला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट दिलं. आई म्हणाल्या, "एवढा खर्च कशाला?" पण काळं सॉकेट हातात घेऊन त्यांनी बराच वेळ निरखलं आणि मग देवघरातल्या माळेच्या दिव्यांची वायरसुद्धा बघून घे म्हणाल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

आमच्या इमारतीत निम्म्या घरांत पाइपचा गॅस, निम्म्यांत सिलिंडर. दोन्ही वायूंची वागणूक अगदी उलट आहे, हे आज भिशीला जमलेल्या बायकांना सांगितलं.

पाइपचा गॅस मिथेन. हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून वरचा झरोका किंवा खिडकीचा वरचा भाग उघडा हवा. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्यूटेन हवेच्या दीड ते दोन पट जड. तो गळला की लाद्यांवर पसरतो, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगी पुरते. उभ्या माणसाला वास उशिरा येतो, रांगणाऱ्या बाळाला आधी. मूळ वायूला वास नाही, तो यावा म्हणून इथाइल मरकॅप्टन मुद्दाम घालतात. तेव्हा वास आला तर "नळी काढताना येतोच थोडा" असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

काय करायचं: रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. विजेचा दिवा लावायचा नाही आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. पंखा, एक्झॉस्ट, दाराची घंटा, काहीच नाही. घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन. रेग्युलेटर काढता आला तर वर सेफ्टी कॅप. ती दोरी बांधलेली पांढरी टोपी बऱ्याच घरांत पहिल्याच दिवशी हरवते. आज सगळ्यांनी शोधायची कबूल केली.

नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, ती पुढच्या तपासणीची मुदत. सी-२६ म्हणजे २०२६ चा सप्टेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करायचा. दोघीजणी तिथूनच उठून घरी बघायला गेल्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

चकल्या झाल्या. तिघींनी मिळून, आमच्या ओट्यावर. आई खुर्चीत बसून सोऱ्या भरून देत होत्या.

कढईशेजारी कढईहून मोठं ताट उपडं घालून ठेवायची आईंची सवय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. चिपळूणजवळच्या त्यांच्या माहेरी चूल होती, वर पेंढ्याचं छप्पर. त्यांच्या आजीचा दंडक होता: तळण मांडलं की ताट शेजारी आणि राखेचं घमेलं पायाशी. तेल पेटलंच तर चुलीतली लाकडं ओढायची आणि ताट सरकवून झाकायचं, वरून टाकायचं नाही. हवा तुटली की आग मेली.

रसायनशास्त्रही हेच सांगतं. तेल पेटायच्या आधी धूर देतं. निळसर धूर निघू लागला की गॅस बंद करायचा, पुढची चकली सोडायची नाही. पेटलेल्या तेलावर पाणी ओतणं म्हणजे आगीला घरभर फेकणं. पाणी जड, ते तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते. ती वर येताना जळतं तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलून मोरीत न्यायचीही नाही. झाकायची, गॅस बंद करायचा, आणि अर्धा तास ताटाला हात लावायचा नाही. आत तेल तापलेलंच असतं. हवा मिळाली की पुन्हा पेटतं.

आईंनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावात एक घर उंदराने जाळलं. निरांजनातली तुपाची जळती वात तोंडात धरून तो आढ्यावर गेला. वाड्यांतून, कौलारू घरांतून ही गोष्ट किती जणांनी किती गावांची सांगितलेली आहे! तेलातुपात भिजलेली वात उंदराला खाऊच वाटते.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

देवापुढचा दिवा रात्रभर तेवावा ही आईंची इच्छा. मी विझवा म्हणणार नव्हते आणि म्हटलं नाही. देवघराचा पडदा काढून ठेवला. समई खाली घेतली, पितळी परातीत पाणी घालून मधोमध ठेवली. आजूबाजूला हातभर काही नाही: कापूस नाही, अगरबत्तीचा पुडा नाही, पोथ्या नाहीत. खिडकी लावली, पंखा बंद. आई म्हणाल्या, "हे बरं झालं, वातही फडफडणार नाही." उंदीरही पाण्यातून येणार नाही, हेही त्यांनीच जोडलं.

बाल्कनीतून वाळत घातलेले कपडे आत घेतले. फ्रिजचा, मिक्सरचा रिकामा खोका बाल्कनीत असतो, तो संध्याकाळीच भंगारात दिला. पणत्या कठड्यावर न लावता दारापुढे, रांगोळीभोवती लावल्या. रात्री दहाच्या सुमारास सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत बाण शिरला. तिथे ताडपत्रीखाली सामान होतं, ते दुपारीच हलवलेलं. लादीवर काळा पट्टा उमटला, एवढंच. पाण्याच्या बादल्या प्रत्येक गॅलरीत भरून ठेवलेल्या होत्या.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस ग्रिलचा. मुंबई-ठाण्यातली आमची सगळी घरं लोखंडी पिंजऱ्यांत आहेत. चोर येऊ नये, मूल पडू नये, कुंड्या ठेवता याव्यात म्हणून खिडकीबाहेर पेटीसारखी ग्रिल बसवतो आणि आगीच्या वेळी स्वतःलाच कोंडून घेतो. शिडी खिडकीपर्यंत पोहोचली तरी जवानांना आधी गज कापावे लागतात. कापायला लागणारा वेळ आत असलेल्या माणसाच्या श्वासातून जातो.

फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून आईंच्या खोलीच्या ग्रिलमध्ये दार करून घेतलं. अडीच फूट बाय दोन फुटांचा तुकडा कापला, बिजागऱ्या लावल्या, बाहेर उघडणारा. ठिणग्या उडत होत्या म्हणून खोलीतली गादी, पडदे आधीच काढले, ओलं पोतं पसरलं, बादली जवळ ठेवली. त्याला हे सगळं बघून बरं वाटलं. बहुतेक घरांत कुणी विचारत नाही, असं म्हणाला.

कुलूप की कडी, यावर घरात वाद झाला. हे म्हणाले कुलूप हवं. मुलगा म्हणाला अंधारात किल्ली कोण शोधणार? शेवटी आतून कडी, आणि तिला अशी खिट्टी की बाहेरून हात घालून निघणार नाही. लहान मूल असलेल्या घरात मात्र कुलूपच लावावं, किल्ली त्याच खिडकीच्या चौकटीवर, मोठ्यांच्या हाताला लागेल आणि मुलांच्या नाही अशा उंचीवर, कायम एकाच खिळ्याला.

पाचव्या मजल्यावरून आईंनी या खिडकीतून उतरावं असा विचार यात नाही. खिडकी श्वासासाठी, हाक मारण्यासाठी, आणि शिडी आली तर तिच्यासाठी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या घरात स्वयंपाकघर बाहेरच्या दाराला लागून आहे. अशी घरं हजारो असतील, बिल्डरला पाइप एका रेषेत न्यायचे असतात. म्हणजे आग बहुधा जिथे लागेल तिथूनच बाहेर पडायची वाट. म्हणून आज दोन बेत कागदावर काढले.

पहिला: वाट मोकळी असेल तर. आईंना वॉकरवर चालवायचं नाही, वेळ जातो. हात नसलेली, पाठीची मजबूत लाकडी खुर्ची त्यांच्या पलंगाशेजारीच राहील. मुलगा पाठीमागून पाठ धरणार, हे पुढून खालचे पाय. दोघांनी उचलून जिन्याने न्यायचं. लिफ्ट नाही, काही झालं तरी नाही. धूर असेल तर जाड चादर जमिनीवर, आई तिच्यावर आडव्या, डोक्याकडून ओढत दारापर्यंत. खाली, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. आज करून पाहिलं. आईंनी पदर खोचला, खुर्चीचे दोन्ही कोपरे घट्ट धरले. चौथ्या मजल्याच्या वळणावर म्हणाल्या, "अरे, मागे झुकव जरा, पुढे पडल्यासारखं होतंय." ते बरोबर होतं. मागे कललेली खुर्ची दोघांनाही हलकी लागते.

दुसरा: जिन्यात धूर असेल किंवा स्वयंपाकघर पेटलं असेल तर. मग सगळ्यांनी आईंच्या खोलीत यायचं आणि दार लावून घ्यायचं. बंद दार, साधं फ्लशचं असलं तरी, धूर आणि धग बराच वेळ थोपवतं. दाराच्या फटीत ओला टॉवेल, खिडकी उघडी, १०१ ला फोन. फोनवर इमारतीचं नाव, मजला, कोणती बाजू, आत किती माणसं आणि त्यातलं एक चालू न शकणारं, एवढं सांगायचं, आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

अडचण रात्रीच्या दाराची. झोपताना खोल्यांची दारं बंद असावीत, हे मला पटलेलं आहे. आई मात्र त्यांचं दार उघडं ठेवतात. रात्री हाक मारली तर तुम्हाला ऐकू यायला हवी, म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, गेल्या पावसाळ्यात त्या बाथरूमजवळ घसरल्या होत्या. शेवटी बिनतारी घंटा आणली. बटण त्यांच्या उशाशी, घंटा आमच्या खोलीत. शिवाय पॅसेजच्या छताला बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म बसवला. स्वयंपाकघरात नाही लावला, फोडणीला रोज ओरडला असता आणि आठवड्यात कुणीतरी बॅटरी काढून ठेवली असती. बटण दाबून वाजवला. आईंनी श्रवणयंत्र काढून ऐकून पाहिला आणि ऐकू येतो म्हणाल्या. आज त्यांनी स्वतःहून दार लावून घेतलं.

८ डिसेंबर, रविवार

अग्निशमन दलाचे एक अधिकारी सोसायटीत आले. मी लेखी विनंती केली होती. पार्किंगमध्ये लोखंडी ट्रेमध्ये थोडं इंधन पेटवून त्यांनी प्रत्येकाच्या हातात सिलिंडर दिला. पिन काढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, मूठ दाबायची, डावीकडून उजवीकडे फिरवायची. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद पुरतो, हे बघून सगळे चकित झाले. म्हणूनच अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत होते: कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तरच हात घाला, पाठ कायम दाराकडे असू द्या, एक सिलिंडर संपला आणि आग राहिली तर बाहेर पडा. आतली पिवळसर पूड मोनोअमोनियम फॉस्फेट. वर्षानुवर्षं उभी राहून ती तळाशी घट्ट बसते, म्हणून मधूनमधून सिलिंडर उलटा करून हलवायचा.

पहिला मान दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. नऊवारीचा काचा मारून पुढे झाल्या आणि एका दमात विझवली.

मग अधिकारी आम्हाला गल्लीत घेऊन गेले. दोन्ही बाजूंनी गाड्या. बंब वळायला लागणारी जागा त्यांनी पावलांनी मोजून दाखवली, ती नव्हती. बंब नाक्यावर थांबेल आणि जवान पाइप खांद्यावर घेऊन धावतील, म्हणाले. रागाने नाही, सवयीने म्हणाले, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

या माणसांविषयी आपण किती कमी बोलतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावरच्या कापसाने पेट घेतला, आग स्फोटकांपर्यंत गेली आणि ती विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत अग्निशमन सेवा दिन पाळतात. ते झालं बंदरातलं. ९ मे २०१५ ला काळबादेवीत तर राहत्या माणसांच्या जुन्या इमारतीला आग होती. ती कोसळली आणि मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, त्यांचे सहकारी सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी प्राणांना मुकले. आपल्या जिन्यातली अडगळ, आपल्या गल्लीतली आडवी गाडी यांतून वाट काढत ही माणसं आत शिरतात.

संध्याकाळच्या सभेत गल्लीच्या तोंडाशी पिवळे पट्टे मारायचा ठराव झाला. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही पत्र द्यायचं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा सोसायटीला फॉर्म बी द्यावा लागतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सांगतो की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू आहे हे परवानाधारक एजन्सीने तपासून लिहून द्यायचं. आजवर एजन्सीचा माणूस येई, तळमजल्यावर चहा घेई, कागद देई. आजही तसाच आला. मी म्हटलं, आधी पाणी दाखवा.

सातव्या मजल्यावरच्या हायड्रंटला होज जोडला, झडप फिरवली. आधी हवा, मग गंजाचं लाल पाणी बादलीभर, मग काहीच नाही. खाली पंप चालू होता. शोधल्यावर कळलं, टाकीजवळची मुख्य झडप बंद होती, गळती थांबवायला कुणीतरी कधीतरी फिरवलेली. ती उघडायला पाना आणि दोन माणसं लागली. मग पाणी आलं, गच्चीच्या कठड्यापर्यंत उडालं. चौथ्या मजल्यावरच्या होजला भोक होतं, तो बदलेपर्यंत कागदावर सही करायची नाही असं सेक्रेटरीकाका स्वतःच म्हणाले. त्याचे पैसे सणाच्या वर्गणीतून आधी उचलायचे ठरले, कुणी कुरकुर केली नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

शेजारच्या मुलीने तिळाच्या लाडवांचा पाक हातावर सांडवून घेतला. गुळाचा पाक उकळत्या पाण्याहून गरम आणि चिकट, सुटत नाही. तिची आई टूथपेस्ट घेऊन धावली होती. मी हात नळाखाली धरला, वीस मिनिटं, घड्याळ लावून. मुलगी रडत होती, पण पाणी काढलं की जास्त रडत होती. बर्फ नाही, हळद नाही, तूप नाही. बांगडी आणि अंगठी सूज यायच्या आत काढली. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून डॉक्टरकडे. फोड आले, पण खोल नाही म्हणाले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला सगळे खाली येतातच, म्हणून कवायत आज ठेवली. वंदन झाल्यावर सगळ्यांना घरी पाठवलं आणि वॉचमनकाकांनी शिट्ट्या वाजवल्या.

पहिल्या मजल्यावरचे सगळ्यांत आधी आले. दोन घरांतली माणसं सवयीने लिफ्टपाशी उभी राहिली, त्यांना मुलांनी जिन्याकडे वळवलं. एक बाई पर्स आणायला परत गेल्या. यापुढे कागदपत्रं, औषधांची चिठ्ठी, टॉर्च, किल्ल्या अशी पिशवी दाराजवळ प्रत्येक घरात ठेवायची, आणि ती हाताशी नसेल तर तशीच सोडायची. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकटे राहतात, ते आलेच नाहीत. झोपले होते, शिट्टी ऐकू आली नाही. त्यांच्या घराची एक किल्ली चौथ्या मजल्यावरच्या मुलांकडे द्यायला ते तयार झाले. काकांच्या वहीत आता मजल्यावार लिहिलेलं आहे: कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाकडे ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, कोणाला कोण उचलणार.

आई खुर्चीतून आल्या. खाली पोहोचल्यावर खुर्चीतूनच त्यांनी मोजदाद केली, कोण आलं नाही ते त्यांना माझ्याआधी कळलं. कंपाउंडच्या फाटकाशी जमायचं हे ठरलेलं ठिकाण आहे, आणि तिथे नावं घ्यायचं काम आता त्यांच्याकडे. त्या सगळ्यांना ओळखतात.

गच्चीच्या दाराचं कुलूप काढून आतून सरकणारी कडी लावायची राहिली आहे, मिस्त्री बुधवारी येईल. ग्रिलचं दार करून घ्यायला आणखी नऊ घरांनी नावं दिली, फॅब्रिकेशनवाल्याने एकत्र काम असेल तर भाव कमी करतो म्हटलंय. आजोबांसाठी दिव्याने चमकणारा अलार्म मिळतो का, ते मुलगा बघतो आहे. पुढची कवायत एप्रिलमध्ये, १४ ते २० च्या अग्निशमन सप्ताहात घ्यायची. ती रात्री, जिन्यातले दिवे बंद करून, कारण आग लागली की वीज जाते.